लाल दिसलेलं गायरान

“इंग्रजी शाळेतली हाय. तिला तूर अन् पऱ्हाटी सारखीच दिसती,” माझ्या पाठीमागे कोणीतरी म्हणालं आणि माणसं हसली.

ते फारसं खोटं नव्हतं. परभणीत कॉलेज संपवून मी नुकतीच एका सर्वेक्षणात लागले होते. कुठली माती ओल धरून आहे, कुठे पीक आहे, कुठे उजाड, हे उपग्रह वरून टिपायचा; आम्ही ते चित्र घेऊन गावोगाव फिरायचो आणि जमिनीवर पडताळायचो. माझं मराठी पुस्तकी निघायचं, म्हणून मी सहसा बोलायचीच नाही.

पालमजवळच्या त्या गावात उतरल्यापासून आम्हाला कोणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. विद्यापीठाच्या नामांतरावरून गाव दुभंगलं होतं, आणि आम्ही नेमके भांडणाच्या जागी, गायरानावर उभे होतो. त्यातला एक तुकडा दलित वस्तीतली एक बाई कसत होती. आम्ही ‘पडीक’ लिहिलं, की तिथं सरकारी झाडं लागणार आणि तिला उठावं लागणार. आठ दिवसांपूर्वी तिच्या उभ्या तुरीत कोणीतरी गुरं सोडली होती. आता नुसते खुंट आणि शेण. ती बांधावर उभी होती. माझ्याकडे तिनं एकदाही पाहिलं नाही.

“दिसतंय ते लिहा,” आमचे साहेब हळूच म्हणाले. त्यांना पाचची एसटी गाठायची होती.

आमची एक रीत होती. गावातल्या जाणत्या माणसानं चित्रातल्या खुणा ओळखायच्या आणि चित्र बरोबर आहे म्हणून मागे सही करायची. गायरानाला लागून ज्याचं रान होतं, तो मोठा शेतकरी पुढे आला. त्यानं ओढा ओळखला, पाझर तलाव ओळखला. मग त्याचा चेहरा एकदम खुलला. चित्र ऑक्टोबरातलं होतं. रब्बीच्या ज्वारीसाठी पावसाळाभर मोकळं ठेवलेलं त्याचं रान त्यात काळंनिळं होतं, आणि बाईचा तुकडा लालभडक.

“बघा,” तो लोकांना म्हणाला, “वरूनबी दिसायलंय. आमची काळी ती काळीच. अन् ह्या गायरानावर सरकारनंच लाल शिक्का मारलाय.”

त्यानं ऐटीत, अगदी पूर्ण नावानिशी सही केली. साहेब खाली स्वतःच्या बुटांकडे बघत राहिले. त्यांना सगळं कळलं होतं. पुन्हा कोणीतरी हसलं. मी चित्र परत घेतलं आणि सगळ्यांना दिसेल असं धरलं.

“या चित्रात पीक लाल दिसतं,” मी म्हणाले. “तुमचं रान तेव्हा रिकामं होतं. यांच्या रानात तूर उभी होती. आणि मागे तुमची सही आहे.”