प्लेऑफ फायनलसाठी रिंक मिळणेबाबत

विषय : चाकांच्या बुटांवर खेळावयाच्या आइस हॉकीच्या प्लेऑफ फायनलसाठी स्केटिंग रिंक मिळणेबाबत.
संदर्भ : याच विषयावरील आमचा अर्ज आणि त्यानंतरची स्मरणपत्रे.

उपरोक्त विषयास अनुसरून कळवण्यात येते की, किस्से आणि कागद एकाच पद्धतीने साठतात. एकावर एक पडत जातात आणि आपण म्हणत राहतो, एकदा बसून निवडले पाहिजेत. कारकुनीतून निवृत्त झालो तेव्हा वाटलं होतं, साठायचं ते साठून झालं. तेवढ्यात आमच्या वरच्या मजल्यावरचा प्रसन्न गोडबोले अमेरिकेहून परत आला.

तेव्हा कोथरूडच्या प्रत्येक सोसायटीतून एक तरी मुलगा कॉम्प्युटरसाठी अमेरिकेला जायचा. येताना कोणी चॉकलेटं आणायचं, कोणी परफ्यूम. प्रसन्नने तिकडच्या एका थंड गावात दोन हिवाळे काढले आणि आइस हॉकीची काठी आणली. पुण्यात बर्फ रसवंतिगृहाशिवाय कुठे नसल्याने हा खेळ सिमेंटच्या रिंकवर, चाकांवर खेळायचा असं त्याने ठरवलं. त्याच्या वडिलांनी मला जिन्यात थांबवून सांगितलं, "लोकांची मुलं तिकडून डिग्री आणतात. आमच्याकडे काठी आली."

प्रसन्नने मला एवढंच विचारलं, "काका, तुम्हाला अर्ज लिहिता येतो ना?" निवृत्त कारकुनाला असं विचारणं म्हणजे वरातीच्या घोड्यापुढे बँड वाजवणं. त्याच संध्याकाळी मी लीगचा सेक्रेटरी झालो.

*

रिंक एका कार्यालयाच्या ताब्यात होती. नाव सांगत नाही, काम आहे त्यांच्याकडे. तिथे आवक टेबलावर भोसलेबाई होत्या. त्यांनी आमचा पहिला अर्ज वाचला, 'आइस' या शब्दाखाली रेघ मारली आणि कागद आरोग्याच्या टेबलाकडे पाठवला.

पंधरा दिवसांनी एक निरीक्षक रिंकवर हजर! बर्फ पिण्याच्या पाण्याचा आहे का, हे तपासायला. आम्ही त्याला सगळी रिंक फिरवून दाखवली. त्याने अहवाल लिहिला : 'प्रत्यक्ष पाहणी केली. बर्फ आढळून आला नाही. सबब, तक्रारीत तथ्य नाही.'

या अहवालाच्या जोरावर आम्हाला रविवारच्या सकाळी मिळाल्या.

*

संघ तीन. कोथरूडचा आमचा, कॅप्टन प्रसन्न. विश्रांतवाडीचा, कॅप्टन शाळेत पीटी शिकवणारे शिंदे सर. आणि हडपसरचा, त्यात सगळी आयटीतली पोरं, निम्मी अमरावती-अकोल्याकडची. त्यांचा वानखेडे दारापेक्षा रुंद होता. त्याला वळता यायचं नाही, त्यामुळे तो समोरच्यालाच वळवायचा.

या खेळात धक्का मारला की दोन मिनिटं बाहेर बसवतात. आम्ही त्यासाठी एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती. वानखेडे तिच्यावर इतका वेळ असायचा की टॉवेलही तिथेच वाळत घालायचा.

एकदा सकाळच्या फेरफटक्याला निघालेले एक आजोबा थांबले आणि हा मुलगा का बसलाय म्हणून मला विचारू लागले. मी सांगितलं, धक्का मारला म्हणून.

"धक्का मारला की बसायला जागा मिळते?" आजोबा म्हणाले. "मग हा नियम सिटी बसला लावा की."

*

अमेरिकेत म्हणे लीगमधले पहिले चार संघ प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला जातात. प्रसन्न नियमाला पक्का. आमच्याकडे संघच तीन, तेव्हा तिघेही पात्र ठरले आणि चौथं पद रिक्त राहिलं. मी तक्त्यात तसंच लिहिलं, 'रिक्त'. सरकारी तक्त्यात ते शोभतंही.

लीगमध्ये विश्रांतवाडी पहिली आली होती. नियमाप्रमाणे त्यांची सेमी फायनल चौथ्याशी, म्हणजे रिक्त पदाशी. मी शिंदे सरांना सुचवलं की आपण घरीच थांबलात तरी चालेल. पण सर शिस्तीचे. पूर्ण संघ, पूर्ण गणवेश, वेळेच्या दहा मिनिटं आधी. शिट्टी वाजली, सामना सुरू झाला. समोर कोणी नव्हतं.

पहिल्या सत्रात गोल झाला नाही.

*

दुसऱ्या सेमी फायनलमध्ये वानखेडे खुर्चीवर असताना प्रसन्नने गोल मारला आणि आम्ही फायनलला गेलो. त्याच आठवड्यात प्रसन्नच्या कंपनीने त्याला पुन्हा अमेरिकेला पाठवायचं ठरवलं. या वेळी बेमुदत. विमान गुरुवारचं, फायनल त्याआधीच्या रविवारी.

"तिकडे दोन वर्षं रिंकच्या काचेबाहेर बसून मॅच बघितल्या, काका," तो म्हणाला. "एक फायनल आतून बघायचीये."

आमची परवानगी सेमी फायनलपर्यंतचीच होती. मी नवा अर्ज केला. विषयात सुवाच्य अक्षरात 'प्ले ऑफ' लिहिलं. नकार आला नाही, म्हणजे होकार, असं धरून रविवारी दोन्ही संघ रिंकवर गेलो.

रिंक पांढरीशुभ्र होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत धोतरं आणि साड्या अंथरून एका महिला मंडळाने त्यांच्यावर उडदाचे पापड वाळत घातले होते. रीतसर परवानगी घेऊन. चाकांचे बूट हातात धरून प्रसन्न कडेकडेने रिंकची एक फेरी मारून आला.

सोमवारी मी भोसलेबाईंकडे गेलो. त्यांनी फाइल काढून शेरा दाखवला : 'खेळ ऑफ असल्याचे अर्जदाराने स्वतःच कळवले आहे. रिंकची आवश्यकता दिसत नाही.'

मी प्लेऑफचा अर्थ समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"अहो, ऑफ म्हणजे ऑफ," त्या म्हणाल्या. "चालू असेल तर चालू लिहा. दुसरा अर्ज द्या."

दुसरा अर्ज बुधवारी प्रसन्नच्या सहीने दिला. सामन्याच्या तारखेची जागा त्याने रिकामी सोडली. मी येईन तेव्हाची टाका, म्हणाला.

त्याला आता बरीच वर्षं झाली. शिंदे सरांचे दोन्ही गुडघे बदलून झाले. भोसलेबाई निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी कॉम्प्युटर आहे. तारीख नसल्याने निर्णय घेता येत नाही, असं कार्यालय म्हणतं. निर्णय झाल्याशिवाय तिकीट कसं काढू, असं प्रसन्न म्हणतो.

अलीकडची स्मरणपत्रं माझी नाहीत. दर दिवाळीआधी प्रसन्नचे वडील स्वतः लिहितात, मला फक्त शुद्धलेखन तपासायला दाखवतात, आणि रिक्षा करून स्वतः देऊन येतात. यंदाही देऊन आले. मी विचारलं तर पोचपावती नीट घडी करून खिशात ठेवत म्हणाले, "घेतलंय त्यांनी."

अर्ज प्रलंबित आहे.