नव्या तांदळाचा घास

मी तशी तोंडाळ बाई. देवीशीही भांडते. ऐंशी सालानंतरच्या एका हिवाळ्यात तर गावच्या मातामायवरचा माझा विश्वासच उडाला होता.

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे आमच्या मामाजींना, अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला. आधी भाकर अडकायची, मग भात, मग पाणीसुद्धा. इकडे आमच्या गावी, सिहोऱ्याला, धान कापून घरात आलं होतं. पण आमच्याकडे घरातल्या थोरल्याने पहिला घास घेतल्याशिवाय नवे तांदूळ कोणी तोंडात घालत नाही. घरात धानाची रास लागलेली आणि लेकरं आपली जुनेच तांदूळ खाऊन राहिलेली.

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. निघताना मी मातामायला बजावलं, "माय, रोग पुरा घेऊन जा. दहा वर्सं दे मामाजीले. नाही त तुह्या पारावर पाय नाही ठेवत मी."

मुंबईच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "रोग जाणार नाही. दुर्बिणीतून लेसर सोडून गाठ जाळू, गिळायची वाट तेवढी मोकळी होईल." नंबर मात्र तीन आठवड्यांनंतरचा. मामाजींची थुंकीही उतरत नव्हती. बाकावर बसून मी ढसाढसा रडले. शेजारी साताऱ्याकडची एक बाई होती. नवऱ्याला ताप भरल्यामुळे त्याचं त्या दिवशीचं लेसर रद्द झालं होतं. ती उठून आत गेली, डॉक्टरांशी बोलली आणि येऊन म्हणाली, "आमचा नंबर तुमच्या म्हाताऱ्यास्नी द्या म्हटलं. चला, उठा." तिचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

दोनदा लेसर झालं. गावी परतल्यावर मी नवे तांदूळ अगदी मऊ शिजवले. सगळं घर भोवती बसलं. मामाजींनी घास घेतला, डोळे मिटले. उतरला! "आता खा रे लेकरांनो," ते म्हणाले.

मी मात्र धुसफुसलेच. "मी दहा वर्सं मांगतले होते, मामाजी. मातामायनं घासभर देल्लं."

ते हसले. "म्या तेवढंच मांगतलं होतं, बाई. लेकरं थांबून होते न."

मी लेकरांना वाढायला घेतलं.

होळीआधी मामाजी गेले. शेवटच्या आठवड्यापर्यंत थोडंथोडं खात होते. तेरवी झाल्यावर मी मातामायच्या पारावर गेले, आणि भांडले नाही.

आता घरात थोरली मीच. नवे तांदूळ शिजले की सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. त्या बाईच्या नवऱ्यालाही घास उतरला असेल का, हे दरवर्षी मनात येतं. मग मी हळूच गिळते. घशाखाली उतरला की हात जोडते. त्याहून जास्त काही मागायचं सोडून दिलं आहे.