कानडी शाळेतला कडबा

आमची माणसं दोन-तीन पिढ्यांपूर्वी कानडी मुलखातून येऊन जळकोटच्या अलीकडं एका गावात वसली. घरात कानडी, शिवारात मराठी आणि निजामाच्या शाळेत उर्दू. पोरं तिथं अलिफ-बे घोकायची आणि काय शिकली ते घरी कुणालाच सांगता यायचं नाही. म्हणून आमच्या गल्लीनं स्वतःची शाळा बांधली. पुरुषांनी ओढ्यातून दगड आणले, बायकांनी माती तुडवली, भिंती लिंपल्या. गावच्या पाटलानं एक खडा उचलला नाही. नारळ फोडायला मात्र हेच पुढं.

एक म्हातारे जंगम आम्हाला कानडी अक्षरं शिकवू लागले. ते मुलींनाही बसवत, म्हणून मला जाता आलं. वर्ष व्हायच्या आत तालुक्याचा अंमलदार तपासायला आला. बुटाच्या टोकानं पाटी दाखवत त्यानं विचारलं, "ये कौनसी ज़बान है?"

पाटील हात जोडून म्हणाला, "हुजूर, अडाणी लोक हायत. मी लई सांगितलं, ऐकत न्हाईत."

शाळा तिथल्या तिथं बंद झाली. पुढच्या सुगीला तिच्यात पाटलाचा कडबा भरला. आमच्या शूर पुरुषांतला एकही बोलला नाही. उलट रस्त्यात भेटला की त्याला वाकून नमस्कार.

निजामाचं राज्य गेलं तसा पाटील रुमी टोपी टाकून पांढऱ्या टोपीत आला. त्याच शाळेपुढं सभा भरवून म्हणाला, "ही शाळा मी उभी केली. जुलमाच्या काळात मीच जपली!"

माझी आई, आमची अव्वा, बायकांतून उठली. "पाटील, तुमी जपलं ते कडब्याला. आधी त्यो भाईर काढा, मग भाषण करा."

"बाईमाणसानं मधी बोलू न्हाई," पाटील गुरकावला.

अव्वा आत शिरली आणि पेंढ्या त्याच्या पायाशी फेकू लागली. मग इतर बायका गेल्या. पुरुष सगळ्यांत शेवटी, भीती उरली नाही तेव्हा.

शाळा सुरू झाली, पण मराठी. जंगम गुरुजी तोवर वारले होते आणि कानडी मागायला आमच्यातला कुणी गेला नाही. दारावर फरशी बसली, 'संस्थापक' म्हणून पाटलाचं नाव कोरून.

अव्वाला वाचता येत नव्हतं; मी मात्र तोवर नव्या शाळेत मराठी अक्षरं शिकले होते. तिनं मला विचारलं, "काय लिवलंय? मोठ्यानं वाच, त्याला ऐकू जाऊ दे."

पाटील समोरच पारावर बसला होता. त्याला लाज वाटावी म्हणून मी शब्द न् शब्द ओरडून वाचला. तो खूश होऊन मिशीवर ताव देत राहिला.