खटक्याची वाट

धुळ्याच्या कॅमेरा-दुरुस्तीच्या दुकानात ती भेटली. नाव विचारायचं राहूनच गेलं. साठीची बाई, शिंदखेड्याहून आलेली. वारलेल्या वडिलांचा कॅमेरा पदराने पुसत किंमत विचारत होती.

"जर्मन बनावटीचा आहे अक्का, पण भिंगाला बुरशी लागलीय. हॉटेलवाले शोभेला घेतील फक्त," दुकानदार म्हणाला.

मग बटण तपासायला त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. तशी तिने झटकन पदर सारखा केला, हनुवटी उचलली आणि श्वास रोखून उभी राहिली. बटण गंजून अडकलेलं होतं. त्याने कॅमेरा खाली ठेवला, तरी ती हलेना.

"झालं अक्का," मी म्हटलं.

ओठ न हलवता ती पुटपुटली, "आबा सांगेत, खटका वाजाशिवाय हालानं नही."