सांगणाऱ्याचा पाट

त्या दिवशी सकाळी विजूचा फोन आला आणि पलीकडून आवाजच येईना. मी ‘हॅलो’ म्हटलं, ‘विजू’ म्हटलं, ‘अरे, बोल नं’ म्हटलं... नुसता श्वास ऐकू येत होता. माझा हा भाऊ विजेच्या खात्यातून निवृत्त झालेला, एकदा बोलायला लागला की त्याला थांबवावं लागतं असा माणूस. तोच गप्प आहे म्हटल्यावर मला कळायचं ते कळलं. आई शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेसाला, त्याच्याकडेच राहायची. मी सदरहून रिक्षा करून निघाले आणि वाटेत माझ्या डोक्यात एकच विचार घोळत होता, की बावन्न-त्रेपन्न वर्षांनी हा पोरगा पुन्हा मुका झाला.

हे मुकेपण काय होतं, ते सांगितल्याशिवाय आई सांगता येणार नाही. सत्तरच्या आसपासची गोष्ट. विजू दुसरीत होता आणि मी पहिलीत. शाळा वस्तीजवळच होती. घरी विजूच्या तोंडाला क्षणाची उसंत नसायची, पण शाळेच्या दारातून आत गेला की त्याचं तोंड बंद. वर्षभर त्या पोरानं वर्गात एक शब्द उच्चारला नाही. गुरुजींनी निरोप धाडला, की मुलगा मंद दिसतो, नापास करतोय. आई लग्नाआधी पारशिवनीजवळच्या एका खेड्यात वर्षभर मास्तरीण होती, त्यामुळे मंद पोरं कशी असतात हे तिला ठाऊक होतं. ती कोणाला न सांगता शाळेत गेली आणि खिडकीबाहेर उभी राहिली. गुरुजींनी विजूला पाढा विचारला. विजू उभा राहिला, ओठ हलवले, आवाज निघाला नाही. वर्ग हसला. मग गुरुजींनी त्याला भिंतीकडे तोंड करून बसवलं. तो इतक्या सवयीनं जाऊन बसला की हे रोजचंच आहे, हे आईला समजलं. ती आत गेली, त्याची पाटी-पिशवी उचलली आणि त्याला घरी घेऊन आली. येताना शेजारच्या वर्गातून मलाही उचललं.

आता मला काहून उचललं? मला शाळा जीव की प्राण होती! तो निळा फ्रॉक, ती रांग, आणि सगळ्यात जास्त म्हणजे ती घंटा. मी घरी येऊन इतका गोंधळ घातला की शेजारच्या बाया गोळा झाल्या. आई मला कवेत घेऊन बसून राहिली, तिला मी चावलेसुद्धा.

संध्याकाळी खरा तमाशा झाला. आबाजी, म्हणजे माझे आजोबा, बाबांचे वडील, गिरणीतून आले. आबाजींची शाळा त्यांनी बाहेरून ऐकलेली होती. त्या काळात आमच्या लोकांना वर्गात बसू देत नसत, व्हरांड्यात दाराच्या बाजूला बसवत. दोन वर्षं तसं बसून जेवढं कानावर पडलं तेवढं शिकले आणि मग गिरणीत लागले. दीक्षा घेतली त्या दिवसापासून त्यांचं एकच म्हणणं होतं, पोरं शिकली पाहिजेत. त्यांनी चपला काढल्या नाहीत, दारातच उभे राहून आईला म्हणाले, “आमाले आत बसू नाही दिलं. आन् तू आत बसलेल्या पोराईले बाहेर काढून राहिली?”

आईनं पदर नीट केला. म्हणाली, “मामाजी, तो आत बसूनबी बाहेरच होता.”

आबाजी आणखी चिडले. बाबा सदरला एका कचेरीत कारकून होते. त्यांनी “बघू” म्हटलं. बाबा आयुष्यभर “बघू”च म्हणत आले. शेवटी आबाजींनीच हुकूम सोडला, चौथीपर्यंत शिकव घरी, पण पाचवीला पोरगा शाळेत गेला पाहिजे, आणि तिथं बोलला पाहिजे. नाही तर मीच हाताला धरून नेऊन बसवीन आणि मग तुझं काही ऐकणार नाही. तेव्हापासून आबाजी आईशी सरळ बोलले नाहीत. पाणी हवं असलं तरी मला सांगायचे, “सुमे, तुह्या मायले म्हन पानी दे,” आणि आई तिथंच दोन हातांवर उभी असायची.

आमची शाळा स्वयंपाकघरात भरायची. बाबा कचेरीत गेले की आई शेगडी पेटवून भाकरी थापायला बसे आणि आम्ही समोर. घरात एकच धड पाट होता, सागवानी, एका कोपऱ्यात टवका उडालेला. आईनं पहिल्याच दिवशी नियम केला, पाटावर शिकवणारा बसणार नाही, सांगणारा बसेल. म्हणजे आई जमिनीवर, आणि ज्याला गोष्ट समजली तो पाटावर. ज्याला नाही समजली त्याला त्यानं ती सांगायची, आपल्या शब्दांत, समोरच्याच्या डोक्यात शिरेपर्यंत. तोवर पुढचा धडा नाही. “समजलं म्हनतेस नं? मंग सांगून दाखव,” हे तिचं वाक्य मी दिवसातून इतक्यांदा ऐकलं की झोपेतही म्हणायचे.

विजू सांगायला बसला की आई त्याच्याकडे बघत नसे. पाठ वळवून भाकरी थापायची. तो अडला तरी वळायची नाही, “आयकून राहिली मी” एवढंच म्हणायची. ही तिची युक्ती होती हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा वाटायचं, आईला भाकऱ्यांची घाई आहे. अपूर्णांक आम्ही भाकरीवर शिकलो. विजू पाटावर बसून भाकरीचे तुकडे करायचा, हा आबाजीचा, हा बाबाचा, आणि शेवटी उरलेला तुकडा स्वतःच खाऊन टाकायचा. मग मी रडायचे, की याचं उत्तर दर वेळी शून्यच येतं.

सगळं गोड होतं असं कोणी समजू नये. आईचं इंग्रजी यथातथा होतं, त्यामुळे आमचंही तसंच झालं, आणि ते मला पुढे फार नडलं. उन्हाळ्यात ते स्वयंपाकघर भट्टीसारखं तापायचं. शेजारपाजारची पोरं दप्तर घेऊन जाताना आम्हाला वेडावून दाखवायची. वस्तीतल्या बाया आईला तोंडावर म्हणायच्या, “काय वं बाई, आपल्या लोकाईनं शाळेसाठी काय काय सोसलं, आन् तू पोरं घरात कोंबून ठेवून राहिली!” आई भाजी निवडत राहायची. मला मात्र घंटेवाचून चैन पडेना. शेवटी आईनं एक सवलत दिली. सकाळी साडेदहाला मी जेवणाचं ताट उलथन्यानं वाजवायचं आणि मग शाळा सुरू. एकदाच. दुसऱ्यांदा वाजवलं की उलथनं काढून घ्यायची.

आबाजींची दुपारपाळी असली की ते सकाळी ओट्यावर बिडी ओढत बसायचे. आत पाऊल टाकायचे नाहीत. पण विजूचा पाढा चुकला की बाहेरून खोकला यायचा. बरोबर त्याच जागी. आई हसू दाबायची. ‘आबाजी ऐकतात’ असं घरात कोणी म्हणायचं नाही, कारण म्हटलं असतं तर ते उठून गेले असते.

दोन वर्षांनी सदरच्या एका मोठ्या शाळेत पाचवीची प्रवेश परीक्षा होती. आईनं आम्हा दोघांनाही एकाच परीक्षेला बसवलं, कारण आम्ही शिकलो होतो तेच मुळी जोडीनं. बाबांना रजा नव्हती, म्हणून आबाजी आले. आई फाटकाजवळ थांबली. आबाजी वर्गाबाहेर व्हरांड्यात, खिडकीपाशी उभे राहिले. मला आणि विजूला वेगवेगळ्या रांगांत बसवलं. आईनं त्याला निघताना एवढंच सांगितलं होतं, की सकाळी नुसतं लिहायचं आहे, बोलायची गरज नाही. तिला तोंडी परीक्षेचीच धास्ती होती, ती दुपारनंतर होती.

एक गणित होतं. ताग्यातलं तिसरा हिस्सा कापड विकलं, उरलेल्यातलं अर्धं विकलं, तर ताग्याचा कितवा भाग उरला? मी अडकले. पेन्सिल चावत बसले, घरी अपूर्णांकात अडले की बसायचे तशी. विजूनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि मग तो उठला. सगळा वर्ग खाली मान घालून लिहितोय, आणि हा पोरगा दोन रांगा ओलांडून माझ्या बाकाशी आला, शेजारच्या मुलाला सरकवून बसला आणि घरी सांगायचा तशा मोकळ्या, ठणठणीत आवाजात म्हणाला, “सुमे, कापड नाही, भाकर आहे समज. तीन तुकडे कर. एक आबाजीले दिला. उरले दोन. त्यातला एक बाबाले दिला. आता सांग, किती राहिला?”

मीही घरच्यासारखंच ओरडून म्हटलं, “एक! तिसरा हिस्सा!”

वर्गातल्या सगळ्या माना वर झाल्या. देखरेखीचे सर धावत आले, आमचे कागद घेतले आणि कॉपी केली म्हणून दोघांनाही बाहेर काढलं. नक्कल करायची असेल तर पोरं कुजबुजतात, एवढंही त्यांच्या लक्षात आलं नाही! पण त्यांचाही दोष नाही. आम्हाला परीक्षा म्हणजे काय, हेच कोणी शिकवलं नव्हतं. एकाला येतं आणि दुसऱ्याला येत नाही, तर सांगायचं, एवढंच आम्हाला माहीत.

मी रडत फाटकाशी गेले आणि आईला सांगितलं. ती ऐकत होती, चेहरा पांढरा पडत गेला, आणि मध्येच तिनं मला थांबवलं.

“विजू बोलला? वर्गात?”

“हो.”

“जोरानं?”

मागून आबाजी येत होते. त्यांनीच उत्तर दिलं. “मी बाहेरून आयकलं नं वं बाई. पुऱ्या शाळेनं आयकलं.” दोन वर्षांत तिच्याशी थेट बोललेलं ते पहिलं वाक्य. आई फाटकाच्या कट्ट्यावर मटकन बसली आणि हसता हसता रडायला लागली. प्रवेश हातचा गेला होता. त्या शाळेनं आम्हाला घेतलं नाहीच. पुढे महापालिकेच्या एका साध्या शाळेत आम्ही पाचवीत बसलो, आणि पहिल्याच आठवड्यात विजू वर्गात फार बोलतो म्हणून तक्रार आली. आईनं ती तक्रार सगळ्या वस्तीला सांगितली.

त्या दिवशी घरी आल्यावर आबाजी हातपाय धुऊन सरळ स्वयंपाकघरात आले. भिंतीला टेकवलेला पाट घेतला, विजूसमोर मांडला, आणि स्वतः खाली फरशीवर मांडी घालून बसले. म्हणाले, “आता मले सांग गा ते गणित. नीट. माह्या वाट्याचा तुकडा कोनता, ते बी सांग.” आईनं पाठ वळवली आणि भाकरी थापायला घेतली.

मी मोठी झाल्यावर आईशी एकदा चांगलीच भांडले होते. विजूसाठी माझी शाळा काहून सोडवलीस? ती म्हणाली, “तो तुह्याशीच बोलत होता. तुले शाळेत धाडलं असतं तं दिवसभर त्यानं कोनाले सांगतलं असतं?” मग म्हणाली, “तुह्यावर अन्याय झाला. मले माहीत आहे.” मला ते तेव्हा पुरेसं वाटलं नाही. खरं सांगायचं तर ती असेपर्यंत कधीच वाटलं नाही.

बेसाच्या घरी आईच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा, कार्यक्रम झाला. वंदना झाली, चार नातेवाईक बोलले, मग विजू उभा राहिला. ओठ हलले... आवाज नाही. फोनवर आला होता तसाच नुसता श्वास. लोक खाली बघायला लागले. मी उठले, आतून तो टवका उडालेला पाट आणला, त्याच्यापुढे ठेवला आणि खाली बसले. पाहुण्यांकडे त्याची पाठ होईल अशी. म्हटलं, “मले सांग. मी आयकून राहिली.”

तो बसला. पाटाच्या टवक्यावरून बोट फिरवत म्हणाला, “सुमे, त्या दिवशी सकाळी तिनं डोये उघडले. मले म्हने, साडेदहा वाजले काय? मी म्हटलं, नाही, आता सात वाजून राहिले. तं म्हने, वाजले की सुमीले म्हन ताट वाजव, तिची शाळा राहून गेली... तुले लावाले म्हनून आतल्या खोलीतून फोन आनाले गेलो, वापस आलो तं...”

त्यानंतरच मला तो नुसत्या श्वासाचा फोन आला होता.

पाट आता माझ्याकडे आहे, स्वयंपाकघरात ओट्याखाली. विजूनंच आणून दिला. परवा सकाळी घरात कोणी नव्हतं. साडेदहा झाले, तशी मी जेवणाचं ताट घेतलं, उलथनं घेतलं आणि वाजवलं. एकदाच. दुसऱ्यांदा वाजवलेलं तिला चालायचं नाही.