ऑपरेटर मावशीची लाइन

ऑपरेटर मावशी फोनवर कधी 'हॅलो' म्हणाली नाही. "लाइन चालू आसा, बोला," असं ती म्हणायची, आणि तेही अशा ठणठणीत आवाजात की पलीकडचा माणूस पाठ ताठ करून बसायचा. मुंबईतल्या एका कंपनीच्या टेलिफोन बोर्डावर तिची सगळी नोकरी झाली. पुढे बोर्ड गेला, बटणांचं यंत्र आलं, आणि मावशी लवकर निवृत्ती घेऊन आचऱ्याला आली. भावाच्या घराशेजारी दोन खोल्या बांधून एकटीच राहू लागली. लग्न तिनं केलं नव्हतं. का, असं विचारलं की म्हणायची, "दुसऱ्यांच्या लाइनी जोडता जोडता माझी जोडूची रवली गो!" आणि स्वतःच जोरात हसायची.

कोरोनात सगळे घरोघरी अडकले तेव्हा तिनं भाचरांना रोज चहाच्या वेळी एकत्र फोन लावायला सुरुवात केली. भाचरांचे मित्र आले, मित्रांच्या सासवा आल्या, कोणाची शेजारीण आली. रोग गेला, पण फोन राहिला. ग्रुपचं नाव 'चायचो टायम'. माझं आजोळ आचरा, आणि मी कणकवलीच्या एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते. चार वाजले की मी कप घेऊन मागच्या व्हरांड्यात जायचे. साहेबांना ठाऊक होतं. त्या वेळेत ते मला हाक मारत नसत.

तिथं कोणालाच नाव नव्हतं. बोर्डावर बसून मावशीला तशी सवयच लागली होती. "वसई बोला. बडोदा, तुमी थांबा, वसईची लाइन चालू आसा." मी कणकवली. पुण्याचे दोघे होते, ते थोरलं पुणे आणि धाकटं पुणे. एकजण जहाजावर स्वयंपाकी होता, त्याला नुसतं 'बोट' म्हणायचे. "बोट, आज खंय पोचलास?" असं मावशीनं विचारलं की तो कुठल्यातरी बंदराचं नाव सांगायचा आणि आम्ही सगळे भराभर नकाशे उघडायचो.

मावशीचे नियम कडक होते. एका वेळी एकानंच बोलायचं. बातमी आजची हवी. "कालचा शिळा, ता माका नको." आणि दुखण्याला फक्त एक वाक्य. थोरल्या पुण्याचे गुडघे दुखायचे, त्यांना हे फार जाचायचं. "मावशी, एका वाक्यात गुडघा बसत नाही हो!" ते कळवळून म्हणायचे. "मगे पाय लांब करून सांगा, पण एकाच वाक्यात," मावशी सुनवायची. दुसऱ्या दिवशी थोरलं पुणे इतकं लांबलचक वाक्य जुळवून आणायचं की त्यात डॉक्टर, सून, औषध आणि लिफ्ट सगळं मावायचं. मावशी ते शेवटपर्यंत ऐकून घ्यायची आणि पूर्णविराम आला की टाळी वाजवायची.

वसई म्हणजे पन्नाशी ओलांडलेल्या वहिनी. त्यांना स्कूटर शिकायची होती, पण घरात सगळे हसत होते. मावशीला कळताच तिनं फर्मान काढलं, "वसई, उद्या मैदानात जावा. आमी सगळे आसंव." दुसऱ्या दिवशी वहिनींच्या मैत्रिणीनं फोन धरला, वहिनी स्कूटरवर बसल्या, आणि आम्ही पंधरावीस माणसं आपापल्या जागी श्वास रोखून बसलो. गाडी घरघरली. मैत्रीण ओरडली, "निघाली! निघाली! अगं बाई, कुत्रा!" आणि मग आवाजच नाही. मावशी फोनमधून किंचाळली, "ब्रेक! वसई, ब्रेक!" बडोदा ओरडलं, धाकटं पुणे ओरडलं, मीसुद्धा कॉलेजच्या व्हरांड्यात "ब्रेक!" म्हणून ओरडले आणि प्राध्यापक मंडळी बाहेर आली. मग वहिनींचा धापा टाकलेला आवाज आला, "लागला हो ब्रेक! कुत्रा गेला! मी अजून बसलेय गाडीवर!" तो जल्लोष मी आयुष्यात विसरणार नाही. त्या दिवशी मावशीनं पहिल्यांदाच सगळ्यांना एकाच वेळी बोलायची परवानगी दिली.

या सगळ्या गलक्यात मस्कत मात्र गप्प असायचा. तो मूळचा कुणकेश्वरचा, तिकडे एसी दुरुस्त करायचा. मावशीनं नाव घेतलं की "बरो आसंय" एवढंच म्हणायचा आणि ऐकत राहायचा. ग्रुपमध्ये बोटीशिवाय त्याला कोणी ओळखत नव्हतं. बोटीनं त्याला आणलं होतं, दोघांची भेट एका बंदरात झाली होती म्हणे. आम्ही त्याला लाजाळू समजायचो. मावशी मात्र त्याचं नाव घेतल्याशिवाय कधी लाइन बंद करत नसे.

तशात त्या वर्षी आचऱ्याची गावपळण आली. दर काही वर्षांनी ग्रामदेवाचा कौल होतो आणि अख्खा गाव घराला कुलूप लावून तीन दिवस वेशीबाहेर जातो. गुरं, कोंबड्या, कुत्री, म्हातारी माणसं, सगळी. खाडीकाठी, माळावर झावळांच्या खोपी बांधायच्या, एकत्र रांधायचं, गाणी, फुगड्या, भजनं. गावात चिटपाखरू राहात नाही. मुंबईकर रजा टाकून येतात. ग्रुपवर आम्ही सगळे उतावीळ झालो होतो. मावशी मात्र घुटमळत होती.

तिनं मला एकटीला फोन केला. "कणकवली, आमची खोप खाडीच्या काठार पडली. थंय रेंज नाय."

"मग तीन दिवस राहू दे ना मावशी. सगळे समजून घेतील."

"सगळे घेतीत. मस्कत नाय घेवचो." मग तिनं आवाज उतरवला. त्याची आई वारली तेव्हा मालकानं पासपोर्ट अडकवून ठेवला होता, त्याला येता आलं नाही. तेव्हापासून तो तिथल्या खोलीत एकटा होता, कोणाशी बोलेनासा झाला होता. "माका एकदा म्हणालो, मावशे, तुझो आवाज ऐकलो काय त्या दिवसापुरतो धीर येता. आता सांग, मी लाइन तोडू कशी? मी घरातच रवतंय."

गावपळणीला मागे राहणं म्हणजे केवढी गोष्ट, हे आजोळामुळे मला माहीत होतं. भावाशी, भावकीशी, सगळ्या गावाशी वाकडं घेणं. मी म्हटलं, "तू जा. मी बसते बोर्डावर." ती म्हणाली, "तेचा नाव घेवक इसरू नको."

पहिल्या दिवशी मी लाइन चालवली. चालवली कसली, तीन माणसं एकदम बोलायला लागली आणि थोरल्या पुण्यानं संधी साधून गुडघ्यावर चार वाक्यं काढली. मी मस्कतचं नाव घेतलं. उत्तर नाही. पुन्हा घेतलं. तो आलाच नव्हता. नंतर त्याला वेगळा फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. सकाळीही तेच. बोट समुद्रात, तिलाही काही कळवता येईना. साहेबांना सांगून मी दुपारची आचऱ्याची एसटी पकडली.

खाडीकाठी नुसती जत्रा भरली होती. खोपींतून धूर निघत होता, पोरं पाण्यात डुंबत होती, एका बाजूला ढोल वाजत होता. मावशी भावजयीबरोबर वडे तळत बसली होती. माझं तोंड बघताच तिनं झारा खाली ठेवला.

"मस्कत?"

"कालपासून फोन उचलत नाही."

"चल सड्यार," ती म्हणाली, आणि पदर खोचून चालायलाच लागली. सडा म्हणजे मागचं कातळाचं पठार, तिथं रेंज येते. मागून भावजय धावली, "वन्सं, खंय चललात?" मावशीनं चालता चालता मोठ्यानं सांगितलं, "एक झील आसा मस्कताक, कुणकेश्वरचो पोरगो. आवस गेली तेची. फोन उचलणा नाय." बस, एवढंच. भावजय निघाली, तिच्यामागून तिच्या जावा निघाल्या, पत्ते टाकून पुरुष उठले, आणि ढोलवाला पोरगा ढोल खांद्यावर तसाच घेऊन धावत सुटला. मी वळून पाहिलं तर पायवाटेनं माणसांची रांगच रांग चढत होती. कोणाला नीट माहीत नव्हतं कुठं चाललोय ते, पण सगळे घाईत होते!

वर पोचलो तर वाऱ्यानं पदर सुटत होते. माझ्या फोनवर रेंज आली. मावशीनं फोन घेतला, स्पीकर लावला. घंटी वाजली, वाजली, बंद झाली. पुन्हा लावला. पुन्हा बंद. कोणीतरी म्हणालं, "कामार असतलो." मावशीनं हात वर करून त्याला गप्प केलं आणि परत लावला. या वेळी घंटी थांबली.

"लाइन चालू आसा," मावशी म्हणाली. तिचा आवाज मी पहिल्यांदाच कापताना ऐकला. "बोल झिला."

पलीकडून अगदी बारीक आवाज आला, "काल तू नाय होतीस, म्हणान मी इलंय नाय मावशे."

"गावपळण रे मेल्या! तुका सांगलेलंय मी. देवाचो हुकूम, मी काय करू? आता बघ, अख्खो गाव तुका फोन करूक सड्यार इलोहा."

"माका कोण वळखता थंय," तो म्हणाला.

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारेबुवा पुढं आले. मावशीच्या भावाचे व्याही, कुणकेश्वरहून पाहुणे आले होते. त्यांनी फोनजवळ तोंड नेऊन विचारलं, "कुणकेश्वराक तुझा घर खंय रे? देवळाच्या वरच्या अंगाक, काय खालच्या?"

"खालच्या. विहिरीकडे."

"विहिरीकडे? मगे तू शेवंताचो धाकटो! अरे, तुझ्या आवशीच्या हातचे घावणे खाल्लंय मी. गणपतीत आमच्याकडे फुगडी घालूक तीच पुढे. अशी फिरायची, बघणाऱ्यांका घेरी येय!"

पलीकडे मस्कत रडायला लागला. मोठ्यानं, मोकळ्या गळ्यानं. त्याची आई गेल्यापासून तिच्याबद्दल त्याच्याशी कोणी बोललंच नव्हतं. आम्ही तरी कुठं बोललो होतो? म्हातारेबुवा थांबले नाहीत. तिचं गाणं, तिचा राग, तिनं एकदा बैलाला कसं हाकललं, सगळं सांगत गेले. मध्येच मस्कत रडता रडता हसला आणि म्हणाला, "बैल न्हय तो, रेडो होतो!"

आणि मग सड्यावर जो गजर झाला! बायका म्हणाल्या, आमका दे, आमका दे. "जेवलंस काय रे?" "काय रांधलंस?" "लगीन झाला?" ढोलवाल्यानं न राहवून ढोल बडवला. म्हातारेबुवांचा पुतण्या मस्कतलाच ड्रायव्हर होता. त्याचा नंबर तिथंच लावला, आणि तो त्याच संध्याकाळी जेवण घेऊन मस्कतच्या खोलीवर गेला. मावशी एका दगडावर बसली होती. हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. "कणकवली," ती मला म्हणाली, "बघ गो, आज एकाच लाइनीर सगळे बोलतत आणि माका राग येणा नाय."

पुतण्यानं मस्कतला एकटं सोडलं नाही. वकिलातीत खेटे घातले, मालकाशी भांडला. पुढच्या गणपतीआधी पासपोर्ट सुटला. कणकवली स्टेशनवर त्याला आणायला मावशी आणि मी गेलो. गाडी येईपर्यंत मावशीनं मला दहादा विचारलं, "ओळखूचो कसो?" गाडीतून एक उंच, दाढी वाढलेला माणूस उतरला आणि इकडंतिकडं बघू लागला. मावशीनं प्लॅटफॉर्मच्या या टोकावरून हाक मारली, "मस्कत!" चारपाच माणसं वळली, पण धावत आला तो एकच. तिनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. बोलला तोच. रस्ताभर बोलत होता. कुणकेश्वर येईपर्यंत आम्हा दोघींना मध्ये बोलायची संधी मिळाली नाही.

तो परत गेला नाही. आचरा तिठ्यावर त्यानं दुरुस्तीचं दुकान टाकलं, आणि मावशीकडे त्याची एक तरी फेरी रोज व्हायचीच.

गेल्या वर्षी मावशी गेली. सकाळी भावजय चहा घेऊन गेली तेव्हा ती झोपेतच गेलेली होती. मी पहिल्या गाडीनं पोचले. दुपारी सगळं आटोपलं. मस्कतनं भावाबरोबर खांदा दिला होता. चार वाजायला आले तसा ग्रुप सुन्न झाला. माझ्या हातात फोन होता, पण मला लाइन लावता येईना.

अंगणात मस्कत ओल्या केसांनी बसला होता. त्यानं स्वतःचा फोन काढला आणि लाइन लावली. एकेक माणूस येत गेला. मग तो आपल्या साध्या आवाजात सांगू लागला. मावशीला कोणती साडी नेसवली, कोण कोण आलं होतं, माडाखालून नेताना वारा कसा पडला होता. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, "आता तुमी सांगा. बडोदा?"

"नको रे," बडोदा म्हणाले, "आज नको. आजची बातमी सांगण्यासारखी नाही."

"कित्या? काय झाला?"

बडोदा अडखळले. "वाईट नाही रे. उलट... मुलीला आज सकाळी मुलगी झाली. पण आज कसं सांगायचं."

मस्कत उभाच राहिला. "सांगूचा नाय? ह्या सांगूचा नाय तर काय सांगूचा? वजन किती? आवस बरी आसा मा? रडला काय मोठ्यान?"

"रडली!" बडोदा ओरडले. "सगळं हॉस्पिटल जागं केलं हो!"

आणि वसई बोलू लागल्या, दोन्ही पुणी बोलू लागली, बोट कुठल्यातरी बंदरातून ओरडू लागली. आत मावशीची भावजय रडत होती, ती उठून दारात आली आणि मस्कतला म्हणाली, "नाव काय ठेवतत, ईचार."