कांताताईंनी डॉस सोडलं तेव्हा

आष्टीच्या बाजारात एका बियाणं विक्रेत्याच्या दुकानात बसलो होतो. त्याच्याच फोनवर निरोप आला. पलीकडून कांताताईंची भावजय बोलत होती. "दत्ताभाऊ, जीजी गेल्या. सकाळी चहा घेतला, बराबर बोलत होत्या, अन् बसल्या जागी..." मी जालन्याला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्याला आता दीड महिना झाला. ऑफिसात त्यांच्या खुर्चीवर नवी मुलगी बसते, चांगलं काम करते. तरी कांताताई कोण होत्या ते कुठंतरी लिहून ठेवावं, असं वाटत राहिलं.

जुन्या जालन्यातल्या, कापडाचं दुकान असलेल्या मारवाडी घरातल्या त्या. एकोणिसाव्या वर्षी आजारात दोन्ही डोळे गेले आणि लग्नाचं चाललेलं बोलणं तिथंच थांबलं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्या भावाचा हात धरून टायपिंगच्या क्लासात गेल्या. सर घ्यायला तयार नव्हते. ताईंनी त्यांना विचारलं, "शिकणाऱ्या पोरींच्या हातावर तुम्ही कापड टाकता ना, अक्षरं दिसू नयेत म्हणून? मला कापडाचा खर्चा लागणार न्हाई." सर हसले आणि त्यांनी नाव लिहून घेतलं. हा किस्सा ताई स्वतःच सांगायच्या, दर वेळी सरांचा आवाज काढून.

पुढं त्या आमच्या बियाणं कंपनीत टायपिस्ट म्हणून लागल्या. साहेब इंग्रजीत पत्र सांगायचे, त्या ऐकता ऐकता टाइप करायच्या. नंतर ऑफिसात कॉम्प्युटर आला. मुंबईच्या एका संस्थेनं त्यांना स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर आणि आवाजाचा एक डबा मिळवून दिला. तेव्हा कॉम्प्युटर डॉसवर चालायचा, म्हणजे काळ्या पडद्यावर ओळीखाली ओळ. एका वेळी एकच काम. डबा घोगऱ्या इंग्रजीत ओळ वाचायचा आणि ताईंची बोटं पुढं गेलेली असायची. मी अंतरवाली सराटीकडचा, शेतकऱ्याघरचा. कॉम्प्युटरचा कोर्स करून कंपनीत लागलो, तेव्हा कुठली कळ काय करते ते मला पुस्तकात बघावं लागायचं. ताईंना तोंडपाठ होतं.

मग विंडोज आलं. कंपनीनं सगळी मशीनं बदलायची ठरवली. ताईंचा जुना स्क्रीन रीडर त्यावर चालणार नव्हता. नवा मिळत होता, पण सगळं पहिल्यापासून शिकायचं होतं. साहेबांनी मला बोलावून विचारलं, "कांताताईंना जमेल का? का त्यांना फोनवर बसवायचं?" मी म्हणालो, "न्हाई जमणार साहेब. त्याच्यात सगळं बघून, माऊसनं करायचं असतं." केबिनचं दार उघडं होतं. बाहेर चाललेला कीबोर्डचा आवाज थांबला... मी बाहेर आलो तेव्हा ताई मान खाली घालून बसल्या होत्या. दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"दत्ता, राग आला मला तुझा. लई आला."

"ताई, चुकलं माझं."

"चुकलं का बराबर, ते तुला तरी कुठं माहीत आहे? तू बघून चालवतो. मला कसं चालवावं लागंल ते तू करून पाह्यलं का? उद्यापासून नवाला येत जा. दोघं मिळून शिकू."

साहेबांनी पेरणीचा हंगाम संपेपर्यंत मुदत दिली. ऑफिस दहाला उघडायचं, आम्ही नऊला बसायचो. पहिले आठ दिवस वायाच गेले. मी सांगायचो, "वर डाव्या कोपऱ्यात एक चित्र आहे, त्याच्या खाली..." एकदा ताईंनी टेबलावर हात आपटला. "कोपरा सांगू नको रे मला! कशाच्या नंतर काय येतं, ते सांग." त्या दिवशी मी माऊस काढून ठेवला, मॉनिटर बंद केला आणि नुसतं ऐकत कळा दाबत बसलो. पाच मिनिटांत कुठं आहे तेच मला कळेना. पण मग आम्ही मोजायला लागलो. टॅब किती वेळा दाबला की काय येतं, ऑल्ट दाबून कुठलं अक्षर दाबायचं. ताई ते ब्रेलमध्ये टोचून घ्यायच्या. कंपनीच्या नव्या प्रोग्रॅममधल्या बटणांना नावंच नव्हती. स्क्रीन रीडर प्रत्येकाला नुसतं 'ग्राफिक' म्हणायचा. त्यांना आपण नाव देऊ शकतो हे ताईंनीच शोधून काढलं. मी बटणावरचं चित्र सांगायचो, त्या रोमन अक्षरांत मराठी नाव द्यायच्या. मशीन गोऱ्या साहेबाच्या तोंडानं 'छापा'ला 'चापा', 'पाठवा'ला 'पाटवा' म्हणायला लागलं आणि अख्खं ऑफिस हसलं.

सरळ काही झालं नाही. घाईचं पत्र आलं की ताई उठून जुन्या मशीनवर जायच्या. एकदा नव्यावर दोन पानांचं पत्र झालं. बंद करताना मशीननं काहीतरी विचारलं, ताईंनी ते पुरतं न ऐकताच कळ दाबली आणि सगळं पत्र पुसलं गेलं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "दत्ता, ते जुनं मशीन घेऊन जा इथून. ते बाजूला असलं की मी पळून तिकडं जाते." मी म्हणालो, "राहू द्या ताई, अडीअडचणीला..." त्यांनी स्वतःच हातानं चाचपत वायर काढली आणि माझ्या हातात दिली. मुदत संपली तेव्हा साहेबांनी त्यांच्यासमोर उभं राहून एक लांबलचक पत्र सांगितलं. ताईंनी टाइप केलं, छापलं, सहीला पुढं ठेवलं. साहेबांनी सही केली. फोनचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. त्या खुर्चीवर त्यांनी आणखी सहा वर्षं काम केलं.

परवा त्यांच्या भावजयीनं मला एक कॅसेट दिली. अंबडकडच्या एका मास्तरांची नजर अलीकडेच गेली, त्यांना कॉम्प्युटर शिकवायला ताई ती भरत होत्या. अर्धीच भरली आहे. मी घरी आणून ऐकली. "मास्तर, आवाज एकदम बंद पडला तर घाबरू नका. मशीन चालूच असतं, फक्त बोलून न्हाई राह्यलं. जल्दी करून कायबी दाबू नका. जरासं थांबा. मी पण थांबते." मग त्या खरंच थांबल्या आहेत. टेपवर पंख्याचा आवाज येतो, गल्लीतून एक रिक्षा जाते, आणि थोड्या वेळानं ताई म्हणतात, "हां. आता टॅब दाबा."